तीन मशीन, तीन आकडे: मुलाच्या डोळ्याचं प्रेशर नेमकं किती?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. आम्ही कोपरखैरण्यात राहतो. दोन वर्षांपासून त्याला डोळ्यांची ॲलर्जी आहे. फेब्रुवारी-मार्च लागला की डोळे लाल होतात, सारखी खाज येते, सकाळी डोळ्यांत चिकट तारा असतात. पहिल्या वर्षी एका डॉक्टरांनी थेंब दिले होते, त्याने लगेच आराम पडला. तेव्हापासून त्रास वाढला की जवळच्या मेडिकलमधून तेच थेंब आणतो. गेल्या महिन्यात चष्म्यासाठी वाशीला गेलो, तिथे हवेचा झोत मारणाऱ्या मशीनवर प्रेशर उजव्या डोळ्यात 27 आणि डाव्यात 24 आलं. घाबरून ठाण्याला लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब न टाकता हातातल्या छोट्या मशीनने बघितलं, 23 आणि 22. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी 585 आणि 590 लिहिली आहे. डोळ्याची नस सध्या चांगली आहे म्हणाले, महिन्याभराने बोलावलं. ॲलर्जीचे थेंब घालतो एवढंच त्यांना सांगितलं, नाव आठवलं नाही. मग सासऱ्यांच्या आग्रहाने मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथे मुलगा खूप रडला. दोघांनी धरून पेनासारख्या मशीनने मोजलं, 31 आणि 26. आता ते भूल देऊन तपासू म्हणतात. सासूबाईंना काचबिंदू आहे. त्या म्हणतात, त्यांच्या वेळी झोपवून डोळ्यावर वजन ठेवून मोजायचे, तेच खरं. यजमान म्हणतात, आपणच एक मशीन घरी आणू. कोणत्या मशीनवर विश्वास ठेवायचा? भूल द्यायची का? थेंबांच्या खोक्याचा फोटो सोबत पाठवते आहे.

एक आई, कोपरखैरणे

उत्तर

ताई, तुमच्या तीन आकड्यांपैकी मी सगळ्यात जास्त भरवसा ठाण्याच्या 23 आणि 22 वर ठेवीन. का, ते पुढे सविस्तर सांगते. पण तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला आणि मशीनचा विषय मला थोडा बाजूला ठेवावासा वाटला. आधी त्या थेंबांबद्दल बोलू.

खोक्यावर बारीक अक्षरांत दोन औषधांची नावं आहेत. पहिलं अँटिबायोटिक आहे, आणि बहुतेक लोक तेवढंच वाचतात. दुसरं आहे डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड. ॲलर्जीची लाली आणि खाज ते झटपट उतरवतं, म्हणूनच तुम्हाला त्याचा एवढा गुण दिसला. पण डोळ्याच्या आत सतत जे पाणी तयार होत असतं, ते बाहेर पडण्याची बारीक जाळी काही जणांमध्ये स्टेरॉइडमुळे नीट काम करेनाशी होते. पाणी तयार होत राहतं, निचरा मंदावतो आणि प्रेशर चढतं. मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांमध्ये हे लवकर आणि जास्त जोरात होऊ शकतं. कुटुंबात काचबिंदू असेल तर शक्यता आणखी वाढते, आणि तुमच्या घरी सासूबाईंना काचबिंदू आहे.

तुमच्या मुलाचं वर्णन वाचून ही डॉक्टर ज्याला व्हीकेसी म्हणतात ती ॲलर्जी असावी असं वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होणारी, प्रचंड खाजणारी, तारा येणारी आणि मुलग्यांमध्ये जास्त दिसणारी. आपल्या उष्ण, धुळीच्या हवेत ती खूप मुलांना होते आणि वर्षानुवर्षं उलटते. म्हणूनच तिच्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब वर्षानुवर्षं घातले जातात. व्हीकेसीने सहसा कोणी आंधळं होत नाही. पण तिच्यावर देखरेखीशिवाय घातलेल्या स्टेरॉइडने काचबिंदू होऊन, म्हणजे प्रेशरने डोळ्याची नस खराब होऊन, नजर गेलेली मुलं भारतातल्या प्रत्येक मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलने पाहिली आहेत. ही मुलं तक्रार करत नाहीत. प्रेशर हळूहळू चढलं तर डोळा दुखत नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, आणि एका डोळ्याने कमी दिसतंय हे सात वर्षांच्या मुलाला कळतही नाही.

तेव्हा मेडिकलमधून नवीन बाटली आणू नका. सध्या थेंब चालू असतील तर हा फोटो आजच ठाण्याच्या डॉक्टरांना पाठवा आणि कसे बंद करायचे ते त्यांनाच विचारा. काही वेळा स्टेरॉइड एकदम थांबवता येत नाही, उतरत्या क्रमाने कमी करावं लागतं, आणि त्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. ते दुसरं काही आता उपलब्ध आहे: ओलोपाटाडीनसारखे ॲलर्जीचे थेंब, सायक्लोस्पोरिनचे थेंब, टॅक्रोलिमसचं मलम. यांनी प्रेशर चढत नाही. फरक पडायला वेळ लागतो, त्या काळात थंड पाण्याच्या पट्ट्या आणि उन्हात टोपी, गॉगल यांनी बरीच मदत होते. नाकात मारायचा स्प्रे, दम्याचा पंप, डोळ्यांच्या आसपास लावलेलं एखादं क्रीम यांतही स्टेरॉइड असू शकतं, म्हणून घरात मुलासाठी वापरलं जाणारं सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. नाव आठवण्याच्या भरवशावर राहू नका.

स्टेरॉइडमुळे चढलेलं प्रेशर ते बंद केल्यावर बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत खाली येतं. सगळ्यांमध्ये येतं असं नाही, म्हणून मोजत राहावं लागतं. आता मोजण्याकडे वळू.

डोळ्याचं प्रेशर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. मोठ्यांमध्ये साधारण 10 ते 21 हा नेहमीचा पट्टा. लहान मुलांमध्ये ते याहून थोडं कमी असतं आणि वयाबरोबर हळूहळू मोठ्यांच्या पातळीला येतं. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचं खरोखर 23 असेल तर ते लक्ष देण्यासारखं आहे, पण त्या एका आकड्यावरून काचबिंदू ठरत नाही. डोळ्याच्या आत सुई न घालता प्रेशर मोजायचं तर बाहेरून कॉर्निया दाबून अंदाज घेणं हाच मार्ग आहे. हातात घेऊन आंबा पिकलाय का बघतो तसं. साल जाड असेल तर आतला गर मऊ असूनही आंबा कडक लागतो. सगळी मशीन हेच करतात. दाबण्याची पद्धत आणि दाबाचं उत्तर वाचण्याची पद्धत तेवढी वेगळी.

वाशीला ज्यावर मोजलं ते हवेच्या झोताचं मशीन 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. हवेच्या फटक्याने कॉर्निया क्षणभर सपाट होतो, आणि तो सपाट व्हायला किती जोर लागला यावरून आकडा काढतात. डोळ्याला काही टेकत नाही, थेंब लागत नाहीत, मोजणाराही फार तरबेज असावा लागत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानात आणि शिबिरात हे मशीन सोयीचं. अडचण अशी की मोजमाप सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यात होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोळ्यातलं प्रेशर थोडं वरखाली होत असतं, आणि झोत नेमका कोणत्या क्षणी बसला यावर आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक डोळ्याचे किमान तीन आकडे घेऊन सरासरी काढावी लागते. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पहिला फटका बसला की मूल दुसऱ्याच्या धास्तीने डोळे आवळतं, मान मागे घेतं, श्वास रोखतं, आणि तिन्हींनी आकडा वर जातो. तुमच्या मुलाच्या उजव्या डोळ्याचं 27 कितव्या फटक्याला आलं हे कागदावर लिहिलेलं नाही. हे मशीन धोक्याची सूचना देण्यापुरतं चांगलं, आणि तुमच्या बाबतीत त्याने आपलं काम चोख केलं. ते 27 आलं नसतं तर आज थेंबांचं खोकं कोणी वाचलं नसतं.

ठाण्याचं हातातलं मशीन हे रिबाउंड टोनोमीटर. फिनलंडच्या कंपनीचं आयकेअर हे त्यातलं आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं. टोकाशी बारीक प्लास्टिकची टिकली असलेली हलकी तार कॉर्नियावर हळूच आपटून परत येते. डोळ्यात प्रेशर जास्त असेल तर ती झटकन परतते, कमी असेल तर सावकाश. एका मोजणीसाठी मशीन असे सहा ठोके घेतं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टाकून देतं आणि उरलेल्यांची सरासरी दाखवतं. सहांमध्ये फार तफावत असेल तर पडद्यावर तशी खूणही येते. स्पर्श इतका हलका असतो की भुलीचे थेंब लागत नाहीत, बऱ्याच मुलांना फक्त पापण्यांना गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. मुलांच्या ओपीडीत या मशीनने किती फरक पडला हे सांगायला मला खरंच आनंद होतो. पूर्वी ज्या वयात भूल दिल्याशिवाय प्रेशर कळतच नव्हतं, त्या वयाची कितीतरी मुलं आता आईच्या मांडीवर बसून मोजून घेतात.

उणिवा आहेतच. ज्याला प्रमाण मानतात त्या गोल्डमन मशीनशी (त्याबद्दल पुढे सांगते) तुलना केली तर हे मशीन मुलांमध्ये सरासरी दोन-तीन अंकांनी जास्त दाखवतं, आणि कॉर्निया जाड असेल तर आणखी थोडं. तार मधोमध न आपटता कडेला आपटली तरी आकडा बदलतो. जुन्या मॉडेलने फक्त बसलेल्या माणसाचं मोजता यायचं, कारण तार आडवी राहावी लागते. आडव्या झोपलेल्या मुलासाठी नवीन मॉडेल लागतं. आणि ती तार एकदाच वापरायची असते. तुमच्या समोर नवीन पाकीट फोडलं का, हे जरूर बघा. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती ती आठवत असेल. अशा साथी डोळ्याला टेकणाऱ्या, नीट साफ न केलेल्या उपकरणांतूनही पसरतात. विचारायला संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नाचा राग येत नाही.

मुंबईतलं पेनासारखं यंत्र म्हणजे बहुधा टोनो-पेन. आधी भुलीचे थेंब, मग टोकावर पातळ रबरी टोपी चढवून कॉर्नियावर टकटक टेकवायचं. पुरेशा चांगल्या टेकण्या जमल्या की मशीन सरासरी दाखवतं आणि ती कितपत विश्वासाची आहे तेही शेजारी दाखवतं. टोक अगदी लहान असल्यामुळे डाग किंवा खडबडीत कॉर्निया असलेल्या डोळ्यावर ते फार उपयोगी, शिवाय बसलेलं, झोपलेलं कसंही मूल चालतं. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. पण तुम्ही लिहिलंय की मुलगा खूप रडला आणि दोघांनी धरलं. रडताना, डोळे घट्ट मिटताना, श्वास कोंडताना प्रेशर सहज दहा अंकांनी आणि कधी त्याहूनही जास्त चढतं. पापण्या उघडायला लावलेलं बोट चुकून डोळ्याच्या गोळ्यावर दाबलं तर वेगळीच भर. त्या क्षणी डोळ्यात खरंच 31 असेल, पण ते रडण्याचं 31. मुलगा घरी येऊन चित्र रंगवत बसल्यावर ते राहत नाही. मोजणाऱ्याने आकड्याशेजारी 'रडत होता' असं लिहिणं इथे मशीनच्या नावापेक्षाही महत्त्वाचं. तुमच्या कागदावर ते नसेल तर तुमच्या हाताने लिहून ठेवा.

सासूबाईंची आठवण अगदी खरी आहे. झोपवून डोळ्यावर वजनाचं यंत्र ठेवायचे ते शिऑट्झ टोनोमीटर, नॉर्वेच्या डॉक्टरांनी 1905 मध्ये काढलेलं. ठरावीक वजनाची दांडी कॉर्नियात किती रुतते ते बघायचं आणि तक्त्यावरून प्रेशर काढायचं. कित्येक दशकं जगभर याच यंत्राने काचबिंदू पकडले गेले. मुलांसाठी मात्र ते आज वापरू नये, कारण लहान डोळ्याच्या भिंती जास्त लवचिक असतात. वजनाखाली डोळाच थोडा फुगून जागा करून देतो आणि आकडा खोटा कमी येतो. खोटा जास्त आकडा घाबरवतो आणि पुन्हा तपासायला लावतो. खोटा कमी आकडा निश्चिंत करून घरी पाठवतो, म्हणून मला त्याची भीती जास्त वाटते.

ज्याच्याशी सगळ्या मशीनची तुलना होते ते गोल्डमन. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी 1950 च्या दशकात ते आणलं. स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या टेबलावरच्या यंत्राला, हनुवटी टेकवायची, भुलीचे थेंब आणि पिवळा रंग टाकायचा, निळ्या दिव्यात एक छोटं टोक कॉर्नियाला टेकवायचं. दिसणारी दोन हिरवी अर्धवर्तुळं आतल्या कडांनी एकमेकांना लागली की चक्रावरचा आकडा वाचायचा. बरोबर 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो, हे तो आकडा सांगतो. हा व्यास मुद्दाम निवडला आहे: तेवढ्यावर कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळपास छेदून टाकतात. त्यातही कॉर्निया सुमारे 520 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, जाड आहे असं गृहीत धरलं आहे. त्याचंच हातात धरायचं भावंड म्हणजे पर्किन्स, भूल दिलेल्या आडव्या मुलासाठी ते वापरतात.

इथे तुमच्या मुलाच्या 585 आणि 590 ची गोष्ट येते. सरासरी कॉर्निया 540 च्या आसपास. तुमच्या मुलाचा त्याहून जाड, म्हणजे सगळीच मशीन त्याचं प्रेशर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवत असणार. किती जास्त? इंटरनेटवर वजाबाकीचे तक्ते सापडतील, पण कृपा करून ते वापरून घरी आकडा दुरुस्त करू नका. मुलांसाठी विश्वासाने वापरावा असा कुठलाच तक्ता नाही, आणि दोन वर्षं स्टेरॉइड घातलेल्या मुलाच्या 23 चे 19 करून निश्चिंत होणं महागात पडेल. जाडी डॉक्टरांना निर्णयासाठी लागते, तिने आकडा पुसला जात नाही. याच्या उलट धोकाही लक्षात ठेवा. ॲलर्जीची मुलं डोळे फार चोळतात, आणि सतत चोळल्याने काही मुलांचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, त्याला केराटोकोनस म्हणतात. पातळ कॉर्नियावर प्रेशर खोटं कमी दिसतं. तुमच्या मुलाचं आज तसं नाही, पण जाडी दरवर्षी एकदा मोजून घ्या आणि डोळे चोळण्याची सवय मोडण्यावर मन लावा.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवा. वाशीचा दचकलेल्या मुलाचा, मुंबईचा रडणाऱ्या मुलाचा, ठाण्याचा शांत बसलेल्या मुलाचा. ठाण्याचाही थोडा चढा असणार. म्हणजे 31 ची धास्ती सोडा, पण प्रेशर वरच्या काठाशी आहे आणि त्याला कारण ठरू शकेल असं औषध चालू होतं, हे मात्र डोक्यात पक्कं धरा. आणि पुढे तीन ठिकाणी तीन मशीन करत फिरू नका. एक डॉक्टर, एक मशीन आणि जमेल तर दिवसाची एकच वेळ, कारण प्रेशर दिवसभरात बदलतं आणि बऱ्याच जणांचं सकाळी जास्त असतं. ठाण्याला 23 होतं ते पुढच्या वेळी त्याच मशीनवर 18 आलं तर त्याला अर्थ आहे. ठाण्याचं 23 आणि दुसऱ्याच मशीनवरचं 18, यांतून काही ठरवता येत नाही. थेंबांचं नाव कळल्यावर डॉक्टर बहुधा महिन्याच्या आधीच बोलावतील. त्यांनी नाही सुचवलं तर तुम्ही विचारा.

भुलीबद्दल. मुंबईच्या डॉक्टरांचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. जे मूल काही केल्या तपासू देत नाही, त्याच्या डोळ्याची नस, पाणी बाहेर पडण्याचा आतला कोन, सगळं नीट बघायला भूल हाच रस्ता उरतो, आणि बाळांमध्ये तर ते नेहमीचं आहे. पण भूल दिल्यावर प्रेशरचा प्रश्न आपोआप सुटतो, ही समजूत बरोबर नाही. भुलीच्या बहुतेक औषधांनी, विशेषतः नाकातोंडाने दिल्या जाणाऱ्या वायूंनी, प्रेशर खाली येतं. केटामाइनने ते वर जाऊ शकतं, श्वासनलिकेत नळी घालताना तर चढतंच. म्हणून मूल झोपल्याबरोबर, बाकी काही करण्याआधी मोजतात, आणि तरीही भुलीतला 'नॉर्मल' आकडा जागेपणीच्या नॉर्मलइतका दिलासा देत नाही. तुमच्या मुलाने ठाण्याला शांतपणे मोजू दिलं आहे आणि तिथे नसही दिसली आहे. अशा मुलाला आधी जागेपणीच आणखी एक-दोन संधी द्याव्यात असं माझं मत आहे. ठाण्याच्या डॉक्टरांना मुंबईचा कागद दाखवा आणि थेट विचारा: भूल दिल्याने असं काय दिसेल जे जागेपणी दिसत नाही? त्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल, नसेबद्दल त्यांना शंका असेल, तर मात्र चालढकल करू नका.

सात वर्षांचं मूल गोल्डमनलाही तयार होऊ शकतं. घरी सराव करून घ्या. टेबलाच्या कडेवर उशी ठेवून त्यावर हनुवटी, समोर भिंतीवर एक स्टिकर, त्याच्याकडे न हलता बघायचं आणि तोंडाने सावकाश श्वास घेत राहायचं. 'काही होणार नाही' असं सांगू नका. काय होणार ते खरंखरं सांगा: थेंब थोडा झोंबेल, निळा दिवा जवळ येईल, पापण्यांना गुदगुल्या होतील. भेटीची वेळ सकाळची घ्या, शाळेतून दमून आल्यावरची नको. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीतून धावतपळत पोहोचला असाल तर दहा मिनिटं बाहेर बसू द्या. गळ्याचं बटण आणि टाय सैल करा, घट्ट गळ्यानेही प्रेशर चढतं. आणि बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी प्रेशर बघतात ना, तेवढं लक्षात ठेवा.

घरी मशीन घेण्याची कल्पना यजमानांच्या काळजीतून आली आहे, ती मला समजते. घरी वापरायची रिबाउंड मशीन बाजारात आहेतही, आणि काही रुग्णांसाठी डॉक्टर ती मुद्दाम वापरायला देतात. तुमच्यासाठी मी नको म्हणेन. किंमत मोठी आहे, तार दरवेळी नवीन लागते, आणि मधोमध, बरोबर अंतरावरून मोजायला सराव लागतो. त्याहून मोठं कारण म्हणजे रोज संध्याकाळी आईबाबा डोळ्यासमोर मशीन धरू लागले, की मुलाच्या मनात तपासणीची धास्ती बसते. मग दवाखान्यातलं शांत बसणंही हातचं जातं.

प्रेशर उतरवायचे थेंब द्यायची वेळ आलीच तर एक गोष्ट डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा: मुलाला दमा किंवा बाळदमा आहे का, रात्री छातीत घरघर होते का. डोळ्यांची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना ते असतं, आणि टिमोलॉलच्या थेंबांनी दमा उसळू शकतो. घरात याहून लहान बाळ असलेल्या वाचकांसाठीही दोन ओळी: ब्रिमोनिडीनचे थेंब दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत, त्याने बाळ गुंगीत जातं, श्वास मंदावतो. आणि बाळाचे डोळे वाढत्या प्रमाणात मोठे दिसत असतील, बुबुळ धुरकट असेल, उजेडात ते डोळे मिटून घेत असेल, सारखं पाणी येत असेल, तर जन्मजात काचबिंदूची शक्यता असते. तिथे कुठल्याही मशीनच्या आकड्याची वाट न बघता त्याच आठवड्यात मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जवळपास सोय नसेल तर जे.जे., केईएम, सायन, नायर या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत डोळ्यांचे विभाग आहेत.

शेवटचा प्रश्न मी तुम्हाला विचारते. सासूबाईंना काचबिंदू आहे, म्हणजे तुमच्या यजमानांच्या सख्ख्या आईला. यजमानांचं प्रेशर शेवटचं कधी बघितलं? आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि तोही मुलांमधल्या काचबिंदूसारखाच गुपचूप येतो. ठाण्याच्या पुढच्या भेटीआधी फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांचीही वेळ घ्या. त्यांचं प्रेशर गोल्डमनवरच मोजायला सांगा आणि बाहुली मोठी करून नस बघायला सांगा. त्या दिवशी परत येताना ते गाडी चालवणार नाहीत, एवढं आधीच ठरवून ठेवा.